हेश्मत शिंप्याने जोडलेल्या तारा

हेश्मतच्या बोटांत कसब होतं, आणि पुढे जे घडलं ते त्या कसबापायीच घडलं. कराज शहराच्या बाजारामागे त्याचं शिंप्याचं दुकान होतं. तिथे कोट शिवून घेणारी माणसं मुलाच्या लग्नालाही त्याच्याकडेच येत. पण तयार कपड्यांनी शिंप्यांच्या पोटावर पाय दिला, तसा त्याच्याही दिला. दुकान गेलं, मशीन घरी आलं, आणि हेश्मत दिवसभर खिडकीत बसून चहा पिऊ लागला. बायको मनीझे बालवाडीत शिकवायला जायची. ती संध्याकाळी परतली की हा त्याच खिडकीत, त्याच उशीला टेकलेला दिसायचा.

मग कुणीतरी त्याच्या डोक्यात केशर घातलं. मुलगी लग्न होऊन शिराझला गेली होती, तिची खोली रिकामी पडली होती. त्या खोलीत लोखंडी मांडण्या लावायच्या, मांडण्यांवर तबकं, तबकांत केशराचे कंद. माती नको, शेत नको. वरून दिव्यांचा जांभळा उजेड, हवेत पाण्याची वाफ, आणि बाहेर गारठा पडला की घरातल्या घरात फुलं.

मनीझेची आई, बीबी, काएनची होती. तिचं सगळं बालपण केशराच्या वाफ्यांत ओणवं राहण्यात गेलेलं. तिने फोनवर ऐकलं आणि खो खो हसली. "मातीशिवाय केशर? जावईबापू, उद्या पाण्याशिवाय पोहायला शिकवाल!"

मनीझे मात्र हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "कर तुला करायचं ते. पण तारांना तू हात लावायचा नाहीस. ते काम मिस्त्रीच करेल. बहमनच्या आत्म्याची शपथ घे."

बहमन तिचा धाकटा भाऊ. ऐन उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुलरचा पंप अडकला म्हणून वर गेला, तो परत उतरला नाही. कुलरच्या पत्र्यात करंट उतरला होता. त्या घरात तेव्हापासून विजेबद्दल कुणी थट्टेतही बोलत नसे. हेश्मतने शपथ घेतली, आणि घेताना ती अगदी मनापासून घेतली.

मनीझेची बहीण आझर जवळच राहायची. तिच्या नवऱ्याने उस्ता नादेर नावाच्या मिस्त्रीचं नाव सुचवलं. नादेर एके सकाळी आला, खोलीत फिरला, प्लग उघडून पाहिला आणि च्च च्च केलं.

"आगा हेश्मत, या घराला अर्थिंगच नाही. प्लगमध्ये दोनच तारा आहेत, तिसरी कुणी आणलीच नाही. वाफेची खोली, त्यात लोखंडी मांडण्या, असं चालणार नाही. फ्यूजच्या पेटीपासून वेगळी जाड तार आणतो, भिंत खणावी लागेल. अंगणात अर्थिंगचा खड्डा घ्यावा लागेल, त्याला इमारतीतल्या सगळ्यांची संमती घ्या. आणि पेटीत मुहाफिज-ए-जान बसवायचा."

"ते काय असतं?"

"नावातच आहे ना, जिवाचा राखणदार. करंट वाट चुकून माणसात शिरला, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बंद करतो."

हेश्मत हो हो म्हणाला. पण संमतीसाठी तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी प्रवासातून परत यायचा होता, आणि इकडे आणून ठेवलेल्या खोक्यांतल्या कंदांना कोंब फुटले होते. कोंब कुणाची वाट पाहत नाहीत. दोन दिवस त्याने येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी मनीझे कामावर गेल्यावर तो बाजारातून वायरचं भेंडोळं, होल्डर आणि चिकटपट्टी घेऊन आला. तात्पुरतं करू, असं त्याने मनाला समजावलं. नादेर आला की काढून टाकेल. आणि तारा म्हणजे तरी काय, धागेच की.

काम त्याने असं केलं की बघत राहावं. स्वयंपाकघराच्या लाइनीतून तार ओढली, ती मांडण्यांच्या कोनांतल्या भोकांतून ओवत नेली, टाक्यासारखे सारख्या अंतरावर गाठी मारल्या. जोड पीळ देऊन पट्टीने असे गुंडाळले, जसा काज करताना धागा गुंडाळावा. कुठे एक तार लोंबत नव्हती. खटका दाबला आणि खोली जांभळी झाली. हेश्मतला कित्येक महिन्यांनी स्वतःच्या हातांचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी मनीझे दारात उभी राहून पाहत राहिली. "वा! उस्ता नादेरचा हात चांगला आहे हं. किती नीटनेटकं केलंय."

खरं सांगायचं झालं तर हेश्मत तेव्हा खोटं बोलला नाही. तो फक्त काही बोलला नाही. तेवढा एक श्वास त्याने जाऊ दिला, आणि त्या श्वासाबरोबर परतीची वाटही गेली.

आठवड्याभरात वाफेचं यंत्र सुरू झालं. एका सकाळी अनवाणी पायांनी तबक सरकवताना त्याच्या मनगटात मुंग्या आल्या. मुंग्या की भास? त्याने पुन्हा बोट लावलं. भास नव्हता. त्याने रबरी चपला आणल्या, त्या घातल्यावर काही जाणवेना. पण मनीझे? ती तर घरात मोजे घालून फिरायची. कधी कौतुकाने आत डोकावली, एखाद्या फुलासाठी हात पुढे केला, तर?

त्याने दाराला कुलूप बसवलं.

"कुलूप?" मनीझे म्हणाली. "कंद पळून जाणार आहेत का?"

"बाहेरची हवा लागते. उष्णता बिघडते."

"मग मला किल्ली दे. तू आंघोळीला गेलास की मी वाफेचं पाणी भरत जाईन."

"नको. त्यांना... त्यांना अत्तराचा वास चालत नाही."

मनीझे त्याच्याकडे पाहत राहिली. "मी अत्तर लावत नाही हे लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तुला कळायला हवं होतं."

तसं मग रोजच होऊ लागलं. एका सबबीला दुसरीचा टेकू द्यावा लागे. वाफेचं यंत्र चालू असताना कपडे धुवायचं मशीन लावायचं नाही. पाहुण्यांना खोली दाखवायची नाही. आझर एकदा म्हणाली, "भाऊजी, आत दुसरी बायको ठेवलीय की काय?" सगळे हसले. हेश्मतही हसला, पण त्याच्या बगलेत घाम फुटला होता. बाजारात जावं तर जीव घरात. घरात बसावं तर त्या दाराकडे पाठ करवेना. दाराच्या फटीतून येणारी जांभळी रेघ गालिच्यावर पडायची आणि जेवताना त्याला ती आपल्या ताटापर्यंत आल्यासारखी वाटायची. सगळं बंद करून टाकावं म्हटलं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगावं तर बहमनची शपथ आडवी येणार.

एका शुक्रवारी सकाळी दोघं खड्यांवर भाजलेल्या संगक नानच्या रांगेत उभी होती, आणि समोरून नादेर आला.

"सलाम, आगा हेश्मत! अहो, तुमचा पत्ताच नाही. कधी हात घालायचा मग कामाला?"

मनीझेने मान वळवली. "घालू, घालू," हेश्मत घाईने म्हणाला. "कापड आलं की लगेच माप घेतो."

"कापड?" नादेर गोंधळला.

"कोटाचं! गडद निळं म्हणाला होतात ना, मिळेल तेच. या उद्या परवा!" आणि त्याने नादेरच्या खांद्यावर हात टाकून त्याला भट्टीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. तिथे दबल्या आवाजात म्हणाला, "शेजारी अजून आला नाही. आला की निरोप धाडतो. कोट माझ्याकडून भेट समजा."

परतताना मनीझे गरम नानवरचे खडे झाडत म्हणाली, "माणूस भला आहे. मी आभार मानणार होते, तू बोलूच दिलं नाहीस."

हेश्मतने त्या आठवड्यात नादेरचा कोट शिवला. इतका वाईट कोट त्याने आयुष्यात शिवला नव्हता. एक बाही दोनदा उसवावी लागली.

शरदातला आबान महिना लागला आणि कंदांतून पांढरी टोकं वर आली. फुलं येणार हे कळताच बीबी काएनहून बसने आली. आल्या आल्या चादर खांद्यावर टाकून म्हणाली, "दाखवा तुमची बिनमातीची बाग."

"उद्या, बीबी. उद्या खुडायचीच आहेत."

"अरे, मी फुलं बघायला आले आहे, जावई बघायला नाही. तो पाहिलेला आहे."

"आत्ता दार उघडलं तर फुलं वेळेआधी उमलतील."

बीबीने मनीझेकडे पाहिलं. मनीझे खाली पाहत चहाचे पेले पुसत राहिली. त्या घरात आता सगळ्यांनाच काहीतरी कळत होतं आणि काय कळतंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात जमिनीवर अंथरायचं मोठं कापड, सुफरा, पसरला. बीबी, मनीझे, आझर तिघी भोवती बसल्या. ठरलं असं की हेश्मत एकेक तबक बाहेर आणणार आणि बायका फुलं खुडून, पाकळ्या बाजूला करून, लाल केसर निवडणार.

"आम्ही पाहुण्या झालो," आझर म्हणाली. "आगा आत, आम्ही बाहेर. एवढी बडदास्त लग्नातसुद्धा नव्हती."

"मी आत येते मदतीला," बीबी उठायला लागली.

"नको!" हेश्मत इतक्या जोरात बोलला की तिघी दचकल्या. मग तो सावरून म्हणाला, "घसरण आहे आत. तुमचे गुडघे..."

तो आत गेला आणि आतून किल्ली फिरवून ती खिशात टाकली. बीबीचा भरवसा नव्हता. सरळ दार ढकलून आली असती.

त्याने आधी दिव्यांचा खटका बंद केला. दिवे बंद म्हणजे करंट बंद, असं त्याचं गणित. खिडकीला त्याने काळं कापड शिवून लावलं होतं, त्यामुळे खोलीत दाराखालच्या फटीपुरताच उजेड उरला. डोळे सरावल्यावर तबकांवर फुलंच फुलं दिसली, मिटलेल्या मुठीसारखी. क्षणभर तो सगळं विसरला. बीबी हे बघेल तेव्हा काय म्हणेल, एवढंच मनात आलं.

वरच्या मांडणीवरचं तबक मागे सरकलं होतं. ते काढायला तो रबरी चपलांत चवड्यांवर उभा राहिला. डाव्या हाताने भिंतीजवळच्या गरम पाण्याच्या रेडिएटरचा आधार घेतला आणि उजव्याने मांडणीचा लोखंडी कोन धरला.

धरला, आणि मग सोडता येईना.

हाताची मूठ त्याची राहिली नाही. कुणीतरी ती आवळली होती आणि आणखी आवळत होतं. खांदे, छाती, मान, सगळं एका दोरीने करकचून बांधल्यासारखं झालं. ओरडायला तोंड उघडलं होतं की नाही हेही त्याला कळेना. दात एकमेकांवर रुतले होते. डोळे तेवढे उघडे होते. समोर फुलं होती. आणि पलीकडून, एका दाराइतक्या अंतरावरून, बायकांचे आवाज स्पष्ट येत होते.

"गारठलं की गं," आझर म्हणत होती. "हीटर लाव ना पायाशी."

"हेश्मतने सांगितलंय, विजेचा समावर चालू असताना दुसरं काही लावायचं नाही."

"त्याचं काय ऐकतेस! तो तर म्हणतो श्वाससुद्धा त्याला विचारून घ्या. दे इकडे प्लग."

बीबी हसली. चहाच्या समावराची शीळ येत होती. हेश्मतला वाटलं, या आता चहा ओततील. या चहा पितील. कुणीतरी म्हणेल, केवढा वेळ लावलाय याने. दार ठोकतील. दार आतून बंद आहे. किल्ली माझ्या खिशात आहे. त्याला गच्ची आठवली, बहमनच्या चपला शिडीच्या तोंडाशी नीट काढून ठेवलेल्या. त्यालाही खालून बोलण्याचे आवाज ऐकू आले असतील का? हा प्रश्न त्याला आजवर कधी पडला नव्हता.

हृदय छातीत वेड्यासारखं उड्या मारत होतं. डोळ्यांपुढच्या फुलांच्या कडा काळ्या पडत चालल्या.

तेवढ्यात कुठेतरी खट् झालं आणि दोरी सुटली.

तो मांडणीला घासत खाली कोसळला. तबक अंगावर आलं, कंद फरशीवर घरंगळले. तो पडला होता तो वाफेच्या ओलीत, पाय मांडणीच्या पायात अडकलेला, पाठ रेडिएटरला टेकलेली. श्वास आत येत होता पण बाहेर शब्द जात नव्हता.

"हे बघ! समावर बंद पडला."

"हीटरपण. फ्यूज उडाला गं, भार झाला. थांब, मी वर करून येते."

आझरच्या सपाता पेटीकडे निघाल्या. फट् फट् फट्. हेश्मतला प्रत्येक पाऊल ऐकू येत होतं. पाय ओढायचा त्याने प्रयत्न केला. पाय कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडून राहिला. जीभ टाळ्याला चिकटली होती. पेटीचं झाकण किरकिरलं.

"कुठला गं हा, डावीकडचा?"

मग त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता, असं आझर नंतर कित्येकांना सांगायची.

"नको! हात लावू नकोस! मरेन मी!"

मग तिघी दारावर आदळल्या. "हेश्मत! हेश्मत, दार उघड! काय झालं?"

"फ्यूज... वर करू नका. कोणीच."

"नाही करत! दार उघड आधी!"

दारापर्यंत सरपटत जायला त्याला जन्म लागला. खिशातली किल्ली डाव्या हाताने काढली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा लागली. दार उघडलं तेव्हा तो उंबऱ्यावर आडवा होता, अंगभर जांभळ्या पाकळ्या, आणि उजव्या तळव्यावर लोखंडी कोनाची सरळ पांढरी रेघ भाजलेली. आझर रुग्णवाहिकेला फोन लावायला धावली. मनीझेने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"त्या नादेरला मी सोडणार नाही. त्याने कसलं काम केलंय हे! आत्ता जाते त्याच्या दारात."

अजूनही वाट होती. हेश्मतला ती दिसलीही. गप्प राहिलं की झालं, मागच्यासारखं. त्याने डोळे मिटले.

"नादेरने नाही केलं. मी केलं."

मनीझेचा त्याच्या केसांवरचा हात थांबला. तिने तो काढून घेतला नाही, पण तो हलेना.

"बहमनची शपथ घेतली होतीस," ती म्हणाली.

"हो."

बीबी दारात उभी राहून आत पाहत होती. मांडण्यांवरून ओवत नेलेल्या त्या देखण्या तारा, ते सारख्या अंतरावरचे टाके. ती मागे फिरली आणि फ्यूजच्या पेटीपाशी पाठ लावून उभी राहिली. रुग्णवाहिका येऊन जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.

दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर विचारायचे ते मनीझे सांगायची. हेश्मतशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशी घरी आणलं तेव्हा दिवाणखान्यात उन्हाची तिरीप होती. बीबीने आझरच्या नवऱ्याला सांगून मेन स्विच बंद करवला होता, आणि सगळी तबकं बाहेर आणून खिडकीशी मांडून एकटीने फुलं खुडली होती. तिच्या बोटांची टोकं पिवळी झाली होती. पांढऱ्या कापडावर मूठभर लाल केसर वाळत पडलं होतं.

हेश्मत गादीवर टेकला. बीबी केसर निवडत म्हणाली, "बहमन गेला तेव्हा मी घरोघर विचारत फिरले, त्या कुलरची तार कोणी जोडली होती रे बाबांनो? मारायला नव्हते विचारत. फक्त कळायला हवं होतं. कोणी हो म्हणालं नाही. आजतागायत नाही." "तू हो म्हणालास, ते बरं केलंस. पण माझ्याशी एवढ्यात बोलू नकोस. मला तुझा फार राग आलाय."

ती दोन दिवसांनी काएनला परतली. निघताना मुलीला जवळ घेतलं, जावयाकडे पाहून नुसती मान हलवली.

उस्ता नादेरने येऊन खोली पाहिली. मग टेस्टर लावून दाखवत म्हणाला, "खटका चुकीच्या तारेवर बसवलात, आगा हेश्मत. दिवे विझायचे, पण करंट मांडणीतच मुक्कामाला. दुसऱ्या हाताने रेडिएटर धरलात, तिथे रबरी चपला काय करणार. आणि या भोकाच्या काठाने तार कापली गेलीय, बघा." हेश्मतने पाहिलं. त्याच्या सर्वांत सुबक टाक्याच्या आतच ती कापली गेली होती.

तिसऱ्या मजल्यावरचा शेजारी आला, संमती मिळाली, अंगणात खड्डा झाला. भिंती फुटल्या, घरभर धूळ झाली. हेश्मत उजव्या हाताला पट्टी बांधून कोपऱ्यात बसून असे. शिवता येत नव्हतं, उचलता येत नव्हतं. कसं झालं म्हणून विचारायला लोक येत आणि प्रत्येकाला त्याला पहिल्यापासून सांगावं लागे: शपथ, कुलूप, अत्तर, कोट. मनीझे चहा आणून ठेवायची आणि दारात उभी राहून ऐकायची. एखादी गोष्ट त्याने गाळली तर म्हणायची, "रांगेतलं राहिलं," आणि आत जायची. त्यापलीकडे ती त्याच्याशी बोलत नव्हती.

काम संपलं त्या दिवशी नादेरने नवी पेटी उघडून दाखवली. "हा मुहाफिज-ए-जान. महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं. सगळं बंद पडलं की समजायचं, तो जागा आहे."

मनीझेने बटण दाबलं. खट्. दिवे गेले. नादेरने खटका वर केला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा सगळं बंद. नादेर हसून म्हणाला, "खानुम, एकदा पुरे आहे." तिने आणखी एकदा दाबलं, कान देऊन ऐकलं, आणि स्वतः खटका वर केला.

मग ती वळली. कोपऱ्यात बसलेल्या हेश्मतकडे तिने कित्येक दिवसांनी सरळ पाहिलं.

"ऊठ," ती म्हणाली. "ये इकडे. तूही दाबून बघ."

तो भिंतीला धरून उठला. पेटीपर्यंत गेला, आणि डावा हात वर करायला त्याला बराच वेळ लागला. मनीझे थांबून राहिली. तिने त्याच्यासाठी ते बटण दाबलं नाही.